बाईंचा उजवा पाय

बाईंचा उजवा पाय बाईंच्या ताब्यात नव्हता. तो ड्रायव्हिंग स्कूलच्या नोकरीत होता आणि सुट्टीच्या दिवशीही कामावर असायचा.

गाडी शिकवायच्या मोटारीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला, ब्रेक समजून भलतंच काही दाबायला लागला, किंवा समोर माणूस दिसत असूनही स्टिअरिंगला मिठी मारून देवाचं नाव घेत बसला, की आपण तो दाबायचा. केस काळे होते तेव्हापासून बाई हे काम करत होत्या. शहरातल्या किती भिंती, किती कुंपणं आणि किती भाजीच्या टोपल्या त्या पायानं वाचवल्या याची गणती नाही. शिकणारी मंडळी तोंडावर मॅडम म्हणायची आणि पाठ फिरली की ब्रेकबाई. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडायचंही.

पण पायाला काम आणि घर यातला फरक कळेना. टीव्हीवर कुणी गाडी भरधाव सोडली की इकडे सोफ्याखाली पाय गच्च. गॅसवर दूध वर यायला लागलं की हात जायच्या आधी पाय जायचा. जेवायला पाहुणे असले आणि नवऱ्यानं नको तो किस्सा काढला, तर टेबलाखाली पाय पडायचा तो नेमका त्यांच्या पायावर. नवरा मोठ्या इस्पितळात हाडांच्या विभागात प्लास्टर घालायचे. शांत माणूस. किस्सा अर्ध्यात सोडून मुकाट पाणी प्यायचे.

अशा या बाईंच्या मोटारीत एक दिवस दातांचे डॉक्टर येऊन बसले. चाळिशी उलटलेला, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. मोटार कधी शिकलेच नव्हते. क्लच, गिअर सगळं पहिल्याच दिवशी जमलं. पण पहिलं वळण आलं आणि डॉक्टर अख्खेच्या अख्खे उजवीकडे कलले, डोकं खिडकीच्या काचेला टेकलं. पुढचं वळण डावीकडचं होतं. डॉक्टर थेट बाईंच्या खांद्यावर आले.

“डॉक्टर, सरळ बसा,” बाई म्हणाल्या. “मला नवरा आहे.”

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. गाडी कडेला लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांनी चोरी कबूल करावी तसं सांगितलं. दर सुट्टीला ते शहराबाहेरच्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवायला जायचे. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. तिथं वळणावर अंग आत टाकावं लागतं, गुडघा बाहेर काढावा लागतो. त्याची आता अशी सवय लागली होती की मोटारीत बसलं तरी अंग ऐकायचं नाही. गुडघा मघापासून दारावर आपटत होता तो त्यामुळेच.

जिचा पाय ऐकत नाही तिला न ऐकणाऱ्या अंगाची दया येणारच. बाईंनी चौकशी केली, की तिथं रस्ता कसा असतो. डॉक्टर म्हणाले, गोल फिरून परत तिथंच येतो. सगळे एकाच बाजूला जातात. समोरून कुणी येत नाही. कुत्रं नाही, म्हैस नाही, फोनवर बोलत रस्ता ओलांडणारं कुणी नाही. मधेच दार उघडून उतरणारं कुणी नाही.

“समोरून कुणीच येत नाही?” बाईंनी पुन्हा विचारलं. जन्मभर बाजारात बसलेल्याला कुणी निवांत बेट दाखवावं तसं त्यांना झालं.

पुढच्या सुट्टीला बाई ट्रॅक बघून आल्या आणि त्याच्या पुढच्या सुट्टीला नाव घालून आल्या.

घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्यानं ताट बाजूला सरकवलं. आपल्याच अंगावर बोट ठेवून एकेक हाड दाखवत गेले: हे खांद्यावर पडलं की जातं, हे हात टेकला की जातं, हे जुळायला फार वेळ खातं, आणि हे जुळलं तरी थंडीत आठवण देतं. सासूबाई ऐकत होत्या. टेलिफोन खात्यात आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून देऊन त्या निवृत्त झालेल्या, त्यामुळे मधे कधी पडायचं हे त्यांना बरोबर कळायचं. त्या म्हणाल्या, “झालं तुझं? मग आता तिला सांगू दे, कपडे काय घालतात.”

कपडे म्हणजे चामड्याचा एकसंध सूट. क्लबाकडून वापरायला मिळालेला तो सूट बाईंनी घरी आणला तेव्हा सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, यात माणूस शिरतो कुठून. शिरायला दोघींना घाम फुटला. सासूबाईंनी पावडरचा अख्खा डबा रिकामा केला, पाठीमागून गुडघा लावून चेन वर ओढली, आणि लांब उभं राहून म्हणाल्या, “चांगली दिसतेस. फक्त वाकू नकोस, फाटेल.” सूट असा शिवलेला की त्यात ताठ उभंच राहता यायचं नाही. बाई पोक काढून, हात लोंबकळवत घरभर फिरल्या. नवरा वर्तमानपत्राआड बसून राहिले, पण वर्तमानपत्र हलत होतं.

ट्रॅकवर शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. वाळका माणूस, पूर्वी कधी पडल्यामुळे एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, आणि आवाज इतका मऊ की रागावला तरी विचारपूस केल्यासारखं वाटावं. त्यानं बाईंना क्लबाची लहान मोटारसायकल दिली. आरसे काढलेले, दिव्यांवर चिकटपट्टी. आरसे नसलेली गाडी बघून बाईंनी आधी नजरच फिरवली, कुणी कपडे न घालता समोर यावं तशी. विचारलं, मागचं दिसणार कसं? उस्ताद म्हणाला, मागचा मागचं बघतो, ताई. तुम्ही पुढचं बघा.

सवयी हळूहळू सुटल्या. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाआधी बाई हात लांब करून इशारा देत होत्या. उस्तादानं फेरी संपल्यावर विचारलं, “कुणाला सांगताय ताई? वळण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते काल पण तिथंच होतं.” दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा इशारा बंद झाला. मान वळवून मागे बघणं मात्र चोरून चालू राहिलं. बाकी बाईंचं डोकं चटकन चालायचं. वळणात शिरण्याआधी वेग उतरवायचा, नजर जिथं जायचं तिथं टाकायची, गाडी नजरेमागे येते, हे त्या स्वतःच जन्मभर वेगळ्या शब्दांत शिकवत आल्या होत्या. मोकळ्या ट्रॅकवर एकटीला सोडलं तर बाई अशा वळायच्या की उस्ताद कमरेवर हात ठेवून बघत राहायचा.

घोटाळा झाला तो घोळक्यात सोडल्यावर.

बाईंच्या पुढे दातांचे डॉक्टर होते. डॉक्टर मोटारीत जितके शहाणे तितके मोटारसायकलवर वेडे. उतावळेपणानं वळणात शिरायचे आणि बाहेर फेकले जायचे. त्या दिवशीही तसेच ट्रॅकच्या कडेपर्यंत गेले, कसेबसे सावरले आणि निघून गेले. पण ते कडेला जाताना बाईंनी पाहिलं आणि बाईंच्या उजव्या पायानं आपलं काम केलं. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्याच पायाखाली असतो. पायानं तो मुळापासून दाबला. मागचं चाक जागीच अडकलं, गाडीनं माशासारखं शेपूट मारलं, आणि मागून येणारा गटातला एक बेकरीवाला केसाच्या अंतरानं निसटला. फेरी संपल्यावर बेकरीवाला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो पावाच्या भट्टीपाशी वाढलेला माणूस, तोंडही तसंच गरम.

उस्तादाला वाटलं, बाई घाबरल्या. पण बाई स्वतःसाठी कधीच घाबरत नव्हत्या. स्वतः चुकल्या तर पाय गप्प असायचा. पुढचा चुकला की तो उठायचा. उस्तादानं सांगितलं, पायाचा चवडाच फुटरेस्टवर ठेवा, बोटं ब्रेकपर्यंत पोचणारच नाहीत. चवडा ठेवला, तरी संकट दिसलं की पाय आपोआप पुढे सरकायचा. उस्तादानं ब्रेकचं पेडल खाली करून पाहिलं. पायानं ते शोधून काढलं. मग उस्ताद स्वतः पुढे राहिला आणि मुद्दाम वाकडातिकडा चालवायला लागला. बाईंनी ब्रेक तर दाबलाच, वर फेरी संपल्यावर त्याला थांबवून सांगितलं की इतकं डगमगत चालवणं बरं नाही. उस्तादानं हेल्मेट काढलं.

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्यासारखं वळण माझ्या या गटात कुणी घेत नाही. पण वळणात मधेच गाडी अडली तर मागचा मरेल. पुढच्या वेळी या. त्या दिवशी एकदा जरी पाय गेला, तर मी तुम्हाला घोळक्यात सोडणार नाही. आणि शिकणं संपलं की एकट्या माणसाला इथं ट्रॅक मिळत नाही.”

म्हणजे बंद. एवढं सोपं होतं ते. बाईंनी मान हलवली आणि घरी आल्या. सूट उतरवताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं, आणि सांगताना डोळे भरून आले याचा त्यांचा त्यांनाच राग आला. या वयात, एका गाडीसाठी.

सासूबाईंनी डोळ्यांकडे लक्ष दिलं नाही. सराव करू या, म्हणाल्या.

सराव स्वयंपाकघरात झाला. बाई स्टुलावर, पायाखाली पाटाचा तुकडा, तो म्हणजे ब्रेक. त्यांच्या पुढे चाकं असलेल्या खुर्चीवर सासूबाई, त्या म्हणजे पुढची गाडी. हेल्मेट एकच होतं, ते सासूबाईंनी मागून घेतलं. हातात ताटली, तिचं स्टिअरिंग. बाईंनी मोटारसायकलला स्टिअरिंग नसतं असं सांगून पाहिलं, पण पुढची गाडी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. सासूबाई तोंडानं आवाज काढत, पायानं ढकलत ओट्यापर्यंत जायच्या आणि मधेच “आले आले, गेले गेले” करत एका बाजूला कलायच्या. बाईंचा पाय दर वेळी पाटावर पडायचा. पुन्हा, सासूबाई म्हणायच्या, आणि पुन्हा निघायच्या. त्यांना यात जरा जास्तच गोडी लागली होती. नवरा दारात येऊन उभे राहिले, दोघींकडे पाहिलं आणि आले तसे परत गेले.

मग खुर्चीचं चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि सासूबाई खरोखरच्या कलंडल्या. बाईंनी पाटावर दण्णकन पाय मारला आणि त्याच दमात झेप घेऊन त्यांना काखेत धरलं. हेल्मेट बाईंच्या हनुवटीवर लागलं. दोघी तशाच, अर्ध्या उभ्या अर्ध्या लोंबकळत राहिल्या.

हेल्मेटातून आवाज आला, “मला धरलंस ते बरं केलंस. पण पाय कशाला आपटलास?”

“आपोआप गेला, आई.”

“अगं, पण तो तुझा ब्रेक ना? तुझ्या ब्रेकनं मी कशी थांबेन?”

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. हेल्मेट काढून दिलं. त्यांचे पांढरे केस सगळे उभे राहिले होते. त्या दिवशी बाई पुन्हा स्टुलावर बसल्या नाहीत. भाजी चिरायला घेतली आणि एकच फोड किती तरी वेळ चिरत राहिल्या. मोटारीत त्यांनी दाबलं की शेजारचा थांबायचा. एवढी वर्षं थांबत आला होता. शेजारचा थांबत नाही अशी गाडीसुद्धा जगात असते, हे त्यांच्या पायाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सासूबाई आधीच तयार होऊन बसल्या, तेव्हा नवराही म्हणाले, मी येतो. डिकीत त्यांनी प्लास्टरच्या पट्ट्यांचं खोकं ठेवलं. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ट्रॅकवर पोचल्यावर नवऱ्यानं घडीची खुर्ची उघडली आणि ट्रॅककडे पाठ करून बसले. आईला सांगितलं, काय होतंय ते तू सांग, मला बघवत नाही. सासूबाईंना तेच हवं होतं. टेलिफोन खात्यातला आवाज त्यांनी पुन्हा बाहेर काढला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची खबर द्यायला सुरुवात केली, ओळखीची असो नसो.

उस्तादानं मुद्दाम केलं की सहज, कोण जाणे, बाईंना उभं केलं ते पुन्हा डॉक्टरांच्याच मागे. डॉक्टरांनी वळून हात केला. बाईंनी शिकवताना करतात तशी मान डोलावली.

पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसरीला डॉक्टर एकदा डगमगले आणि बाईंच्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. चवडा फुटरेस्टवरच होता. बाई हेल्मेटात मोठ्यानं म्हणाल्या, “तुझा नाही, तुझा नाही,” आणि पुढे निघाल्या. पायाशी असं तोंडातोंडी बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

मग लांब सरळ रस्ता संपतो तिथलं वळण आलं. बाईंनी वेग उतरवला. डॉक्टरांनी उतरवला नाही. बाईंना ते डॉक्टरांच्या आधी कळलं, जसं मोटारीत कळायचं, खांद्यांवरूनच. आता हे सरळ जाणार. आणि डॉक्टर सरळ गेले, ट्रॅक सोडून, गवतात, गाडी एकीकडे आणि आपण एकीकडे, लोळत. बाईंच्या उजव्या मांडीतून एक कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत गेली. हजार वेळा गेलेला पाय पुन्हा निघायला टेकला होता. बाईंनी डॉक्टरांवरची नजर उचलली. ती उचलायला जेवढी ताकद लागली तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाला लागली नसेल. उचलून ती वळणाच्या आतल्या कडेवर ठेवली, तिथून पुढे वळण सुटतं तिथं. गाडी नजरेमागे गेली. पाय खुंटीला बांधलेल्या जनावरासारखा थरथरला आणि जागेवर राहिला.

तिकडे सासूबाई म्हणाल्या, “एक पडला. आपली नाही.” नवरा आपण पाठ करून बसलोय हे विसरून उभे राहिले आणि वळले. त्यांना गवतात उठून बसलेला एक माणूस दिसला, निशाण हलवून गाड्यांना सावध करणारा दिसला, आणि पलीकडे वेग कमी करून सावकाश, नेटकी जाणारी बायको दिसली. त्यांनी बायकोकडे हात केला. तिनं पाहिलं नाही. ती पुढे बघत होती.

सगळ्या गाड्या आत आल्या. उस्ताद बाईंच्या बुटाकडे बघत म्हणाला, “पाय?”

“होता जागेवर.”

“पाहिलं मी. मागे वळून मात्र दोनदा बघितलंत. पुढच्या वेळी ते बंद करायचं.” आणि तो बेकरीवाल्याकडे गेला. पुढच्या वेळी, हे दोन शब्द बाईंनी हेल्मेटसकट डोक्यात ठेवले आणि बराच वेळ हेल्मेट काढलंच नाही.

डॉक्टर चालत आले. हेल्मेटात गवत, कोपराला माती, आणि चेहरा नापास झालेल्या पोरासारखा. नवऱ्यानं त्यांना ताबडतोब डिकीतून आणलेल्या खोक्यावर बसवून मनगट, कोपर, खांदा सगळं चाचपून पाहिलं आणि काही मोडलं नाही असं जरा निराशेनंच सांगितलं. बाई जवळ गेल्या. माणूस आपल्यासमोर पडला आणि आपण काहीच केलं नाही, हे आता त्यांना टोचायला लागलं होतं. लागलं का, म्हणून विचारलं.

डॉक्टर खाली बघत म्हणाले, “मॅडम, एक सांगू? हसू नका. वेग जास्त झालाय हे मला कळलं होतं. ब्रेक दाबायला वेळही होता.”

“मग?”

“मी वाट बघत होतो. मला वाटलं, तुम्ही दाबाल.”

बाईंना हसू फुटलं, असं की सूटमध्ये श्वास मावेना. सासूबाईंना पाठीवरची चेन ओढून मोकळी करावी लागली. डॉक्टरही हसायला लागले आणि हसताना बरगडी दुखते म्हणाले, तसे नवरा पुन्हा आशेनं पुढे सरसावले.

संध्याकाळी परत निघाले तेव्हा गाडी नवऱ्यानं घेतली. बाई शेजारी, सासूबाई मागे. शहर जवळ आलं, गर्दी लागली. एक सायकल आडवी आली, एका मोटारीचं दार मधेच उघडलं. नवऱ्यानं प्रत्येक वेळी सवयीनं शेजारच्या पायाच्या दणक्याची वाट पाहिली. काहीच आलं नाही. शेवटी त्यांनी चोरून बघितलं. बायको खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ झोपली होती. चालत्या गाडीत तिला झोपलेली त्यांनी लग्नापासून कधी पाहिली नव्हती. दोन्ही पाय शेजारी शेजारी, सैल पडलेले.

नवऱ्याला दरदरून घाम फुटला. त्यांनी वेग अर्ध्यावर आणला आणि हळूच म्हणाले, “आई, ही झोपलीय. आता मी गाडी चालवू कशी?”

“डोळे उघडे ठेवून,” मागून सासूबाई म्हणाल्या.